लंडन: गवंड्याच्या मुलाने बांधलेलं १३ नंबरचं घर

होबर्न स्टेशनवर उतरणारी बहुतेक मंडळी थेट ब्रिटिश म्युझियमकडे वळतात. माझं ऐकाल तर आधी उलट दिशेला पाचेक मिनिटं चाला. लिंकन्स इन फील्ड्स या चौकाच्या उत्तर बाजूला वास्तुविशारद सर जॉन सोन यांचं घर आहे, तेच आता संग्रहालय. तिकीट नाही. सोमवार-मंगळवार बंद, बाकी दिवस सकाळी १० ते संध्याकाळी ५. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी बाहेर रांग असते. बुधवारी किंवा गुरुवारी, उघडायच्या वेळेलाच जावं.

घर ओळखायला सोपं. शेजारची घरं साध्या विटांची, आणि हे मात्र पांढऱ्या पोर्टलंड दगडाचा दर्शनी भाग घेऊन दोन पावलं पुढे सरसावलेलं, वर ग्रीक वेशातल्या दोन स्त्रियांचे पुतळे. १८१२ साली या पुढे सरसावण्यावरूनच भागाच्या सर्व्हेअरने सोन यांना कोर्टात खेचलं होतं. आपल्याकडे नगरपालिका अतिक्रमणाची नोटीस काढते, तोच प्रकार. खटला सोन जिंकले आणि दगड जागेवर राहिला. आज ही वास्तू ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या वारसा यादीत आहे.

सोन हे गवंड्याचे चिरंजीव. मूळ आडनावाच्या शेवटी एक अक्षर जोडून त्यांनी ते जरा भारदस्त करून घेतलं आणि १७८८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद झाले. ती बँक हे त्यांचं आयुष्यभराचं काम, पण गेल्या शतकात हर्बर्ट बेकर यांनी तिची बाहेरची भिंत तेवढी ठेवून आतलं बहुतेक सगळं नव्याने बांधलं. (दिल्लीचं सचिवालय बांधणारे बेकर ते हेच.) त्यामुळे सोन यांचं डोकं कसं चालायचं हे बघायचं तर याच घरात यायला हवं. १२ नंबर त्यांनी १७९२ मध्ये घेतलं, मग १३, मग १४, आणि प्रत्येक वेळी पाडून पुन्हा बांधलं.

आत उजेडाचा खेळ आहे. नाश्त्याच्या खोलीत उथळ घुमट जणू अधांतरी ठेवलाय. त्याच्या कडांपलीकडे वरून पिवळसर उजेड झिरपतो आणि जागोजागी बसवलेल्या छोट्या बहिर्गोल आरशांत तीच खोली पुन्हा पुन्हा दिसते. इथे घाई करू नका. हिवाळ्यात तीननंतर गेलात तर यातलं निम्मं हरवतं.

चित्रांची खोली जेमतेम आपल्या बेडरूमएवढी आणि चित्रं शंभरावर! ती कशी मावतात, ते कर्मचारी दाखवतात. भिंतीला हात घातला की अख्खी भिंत कपाटाच्या दारासारखी उघडते, मागे आणखी एक थर. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार हॉगार्थ याची ‘रेक्स प्रोग्रेस’ (एका उधळ्या तरुणाची घसरण) ही आठ चित्रं इथेच आहेत. दारं कधी उघडणार, ते आत शिरतानाच विचारून ठेवा.

तळघरात इजिप्तच्या पहिल्या सेती राजाची शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमला २००० पौंड जास्त वाटले, सोन यांनी १८२४ मध्ये तेवढेच मोजले. ती आत घ्यायला मागची भिंत फोडावी लागली. पुढच्या वर्षी त्यांनी तीन संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात मेजवानी दिली, जवळजवळ ९०० पाहुणे आले.

हे सगळं जसंच्या तसं टिकलं, त्याला बापलेकाचं भांडणही कारणीभूत आहे. धाकटा जॉर्ज कर्जबाजारी, आणि वडिलांनी हात आखडता घेतलेला. १८१५ मध्ये त्याने वडिलांच्या कामावर जहरी टीका करणारे दोन लेख निनावी छापले. त्याच नोव्हेंबरात आई गेली. सोन यांनी ते लेख ‘जॉर्जने दिलेले मृत्यूचे घाव’ अशा अर्थाचा मथळा देऊन चौकटीत लावले. १८२३ मध्ये थोरलाही गेला. मग १८३३ मध्ये त्यांनी थेट संसदेचा कायदा करवून घेतला: घर आणि संग्रह राष्ट्राचा, आणि रचना शक्यतो बदलायची नाही. जॉर्जच्या हाती घर लागलं नाही.

म्हणूनच खोल्यांत वस्तूंखाली पाट्या नाहीत. आधी थोडं वाचून जा, नाहीतर नुसतं दगडांचं गोदाम वाटेल. मोठी बॅग हॉटेलवर ठेवा. वाटा अरुंद आहेत आणि हातातली पिशवीही पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घालून पुढ्यात धरावी लागते. वरच्या मजल्यावरच्या खासगी खोल्या बघायला पैसे भरून टूर घ्यावी लागते, तिचं आधी बुकिंग करा.

बाहेर आल्यावर डबा समोरच्या बागेत खा. तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हाकेच्या अंतरावर आहे, बाबासाहेब तिथे शिकले. पाय शिल्लक असतील तर किंग्ज क्रॉसमागच्या सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात सोन कुटुंबाची समाधी आहे. लंडनच्या लाल टेलिफोन बूथचा माथा तिच्यावरूनच सुचला असं मानतात. तिथेही तिकीट नाही.