बंडीच्या चाकापासून हडंब्यापर्यंत : आमची वाटचाल

दारव्हा तालुक्यातलं आमचं दुकान आज ट्रॉली, पेरणी यंत्र आणि हडंब्याच्या, म्हणजे मळणी यंत्राच्या, कामासाठी ओळखलं जातं. पाटीवर जे स्थापना वर्ष आहे, ते वेल्डिंग मशीन घेतल्याचं. धंदा त्याच्या कितीतरी आधीचा. आम्ही सुतार, बंड्या म्हणजे बैलगाड्या करणारे.

यंत्र आलं की हाताचं काम जातं, असं सरसकट बोलतात. आमच्या घरी आधी उलटंच झालं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. हातरेच्यावर सरकी काढणारे मागे पडले आणि जागोजागी जिनिंग उभे झाले. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे दारव्ह्यावरूनच गेली. पण वावरातून जिनिंगपर्यंत कापूस न्यायचा तर बंडीच लागे. इंजिनानं सुताराला काम दिलं ते असं.

चाक हे खरं कसबाचं काम. मधला तुंबा, त्यात बारा आरे, वर सहा पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी कमीच घ्यायची. गोवऱ्यांच्या आरात ती लाल झाली की सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घण मारायचे आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, सांधे करकरत जुळतात. बाबा नुसत्या आवाजावरून सांगायचे, चाक बसलं की नाही.

याचा मोबदला बलुत्यात मिळे. वर्षभर वखर, डवरे, तिफण भरून द्यायचे आणि सुगीत ज्वारी आणायची. त्या दिवसांच्या आठवणीनं गहिवरणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी कोणाच्या खळ्यावर पोतं पसरून उभं राहायची वाट पाहिलेली नसते. आज बिल फाडतो. उधारी बुडते, पण नाही म्हणायची सोय आहे.

गाव पालटलं ते ट्रॅक्टरपेक्षाही सोयाबीननं, असं माझं मत. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेल्यावर बैल पोसणं परवडेना, आणि बैल गेल्यावर सालदार ठेवायचा कशाला? पाडव्याला साल ठरायचं, त्या घरातली पोरं आज ट्रॅक्टर चालवतात नाहीतर पुण्याला कंपनीत आहेत. सोयाबीन सगळं एकदमच कापणीला येतं, वर परतीच्या पावसाची धास्ती. कापलेल्या पिकाच्या सुडीवर ताडपत्री टाकून माणूस हडंब्यासाठी फोन करत बसतो. दिवाळीच्या आधीचे ते दिवस आमच्या वर्कशॉपचे. बेअरिंग, पट्टे, चाळण्या, रात्री बारालाही कोणीतरी दारात.

एका गोष्टीत मात्र आम्ही अडून बसतो. हडंब्याचं पेंढी घालायचं तोंड किमान ९० सेंटीमीटर लांब असावं आणि त्यातलं ४५ सेंटीमीटर वरून झाकलेलं, असं मानक आहे. १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदाही आहे. ‘‘भाऊ, झाकण कापून द्या, माल लवकर जात नाही,’’ म्हणणारा दर हंगामात येतो. आम्ही कापत नाही. दुसरीकडून कापून आणतात, तेही दिसतं. कोपरापासून हात गेलेली माणसं या भागात कमी नाहीत.

कापसाची वेचणी अजून बायांच्याच हातात आहे. बोंडं एकदम फुटत नाहीत, यंत्रानं ओढलं की पालापाचोळा कापसात येतो आणि भाव पडतो. बॅटरीवरचं छोटं यंत्र करून द्या, अशी विचारणा आता होते. तूर्त आम्ही पराटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भुगा करणाऱ्या श्रेडरवर लागलो आहोत. वेचणी संपली की पराटी पेटवून देण्याची रीत आहे, तिला गिऱ्हाईक सोडायला तयार दिसतं. पाती कोणत्या पोलादाची घ्यावी, यावर मोठ्या मुलाचं आणि माझं अजून जमलेलं नाही.