वाळूच्या पेटीला पाणी लागलं

सँडप्ले, म्हणजे वाळूच्या पेटीत खेळणी मांडायला देऊन करायची मानसोपचाराची पद्धत, शिकायला घेतली तेव्हा निम्मा वेळ जमवाजमवीत गेला. पेटी सुताराकडून करून घेतली: साधारण ७२ बाय ५७ सेंटिमीटर, ७ सेंटिमीटर खोल, आतून निळी. वाळू तीनदा चाळली, धुतली, गच्चीवर वाळवली. मांडायला तुळशीबागेतली भातुकली, प्लास्टिकचे प्राणी आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ डोरा काल्फ यांनी ही पद्धत झुरिकजवळच्या झोलिकॉनमध्ये घडवली. १९५६ साली लंडनला बालमानसोपचारतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांच्याकडे शिकून आल्यावर काल्फ यांनी या पद्धतीला मनोविश्लेषक कार्ल युंग यांच्या विचारांची जोड दिली. खुद्द युंगही फ्रॉइडशी फाटल्यावर रोज दुपारी जेवण झालं की तळ्याकाठी दगडांची घरं बांधत बसायचे. हे वाचलं आणि मला आमचा अंगणातला किल्ला आठवला.

पहिली केस सात वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शाळेत मारामाऱ्या करतो म्हणून आईने आणलं. पहिल्या तीन सेशन्सना त्याने मगर पुरली आणि वर मावळे उभे केले. मी घरी जाऊन झोकात लिहिलं: 'गिळंकृत करणारी आदिमाता.' सुपरव्हिजनला, म्हणजे शिकवणाऱ्या मॅडमना केस दाखवायच्या बैठकीत, त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "मगरीचं तोंड कुणीकडे होतं गं?"

मला सांगता येईना. मूल गेल्यावर काढलेला फोटो मोठा करून पाहिला. शेपटीचं टोक तेवढं वर होतं.

"अर्थ नंतर. आधी बघायला शीक," एवढंच म्हणाल्या. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

नंतर मी नोंदवहीत हात कुठे थांबला, काय उचलून परत ठेवलं, तेवढंच लिहू लागले. त्याला काहीच समजावून सांगायचं नव्हतं. काल्फ ज्याला मोकळी आणि सुरक्षित जागा म्हणतात, ती राखत शेजारी बसायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पन्नास मिनिटं गप्प बसून बघा!

सहाव्या सेशनला त्याने डाव्या कोपऱ्यात दोन बोटांनी खणायला घेतलं. कडा ढासळायच्या, तो परत थापायचा. तळाचा निळा रंग दिसला तसा स्वतःशीच पुटपुटला, "लागलं पाणी." मग खड्ड्याभोवती भातुकलीच्या वाट्या गोल मांडल्या. मगर त्या दिवशी फळीवरच राहिली.

माझ्या डोक्यात लगेच 'नेणिवेत (अबोध मनात) उतरणं' सुरू झालं. पण आईने सहज सांगितलं, की मे महिन्यात गावी आजोबांनी विहीर खोल केली आणि हा दिवसभर काठावर बसून असायचा. झालं! माझी नेणीव विहिरीत गेली.

मॅडम हसल्या. "अगं, दोन्ही असू दे की." युंगच्या लेखी चिन्ह वेगळं आणि प्रतीक वेगळं. चिन्हाचा अर्थ ठरलेला, प्रतीकाला एका अर्थात कोंबता येत नाही. पुस्तकात हे मी अधोरेखित करून ठेवलं होतं. मग मॅडमनी मला विहिरीभोवतालचं गोळा करायला लावलं: आसरा (पाण्यातल्या देवता), पाणवठा, नव्या विहिरीची पूजा. यालाच ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. त्यातलं मुलाला लागू काय, ते पुढची पेटी सांगणार.

पुढच्या आठवड्यात मी वाळू ओलसर करून तयार बसले होते. त्याने पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, लुडो आहे?"

दोन डाव झाले. दोन्ही तोच जिंकला.