चढावर टकटक, सिग्नलला थरथर

माझी गाडी म्हातारी आहे हे आधीच सांगून टाकतो. कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रीब्युटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग), चार सिलिंडर, कुठे सेन्सर नाही की स्कॅनर लावायला जागा नाही, त्यामुळे तिला काय होतंय ते आपणच कान लावून ओळखायचं. गेले काही महिने तिच्या दोन तक्रारी होत्या. चढ लागला आणि टॉप गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनातून बारीक टकटक, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. आणि सिग्नलला उभी राहिली की थरथर, इतकी की आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येईना.

मी या दोन वेगळ्या गोष्टी धरून बसलो होतो आणि तिथेच माझा जवळजवळ महिना गेला.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण जुन्या गाडीत टकटक कशाचीही असू शकते. टॅपेटचा (व्हॉल्व उघडणाऱ्या भागाचा) आवाज आयडलिंगलाही, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाही, येतो, रेस वाढवली की त्याच तालात वाढतो, लोड असो नसो त्याला फरक पडत नाही. बेअरिंग गेलं असेल तर आवाज जड येतो, खालून कोणी ठोकतंय असा. पिंगिंग, म्हणजे ती खड्यांसारखी टकटक, मात्र लोडवरच येतं आणि पाय उचलला की त्याच क्षणी गायब. आणखी एक चकवा म्हणजे सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णतारोधक पत्रा, तो सैल झाला की ठराविक आरपीएमला हुबेहूब तसाच कुरकुरतो. मी आधी तोच हाताने हलवून बघितला (गाडी थंड असताना, एकदा गरम असताना हात लावून झालाय), तो घट्ट होता. म्हणजे पिंगिंगच.

पिंगिंग म्हणजे काय तर, प्लगने ठिणगी टाकली की आग प्लगपासून सिलिंडरच्या कडेकडे सरकत जाते, आणि ती तिथे पोचायच्या आत कडेचं उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच एकदम भडकतं. त्या झटक्याने आतला वायू घंटेसारखा कंप पावतो, साधारण आकाराच्या सिलिंडरला ६-७ हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणून तो आवाज इतका बारीक आणि धातूचा वाटतो. अधूनमधून हलकासा आला तर फार बिघडत नाही, पण रोज जोरात आला तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, रिंगांच्या मधली जागा तुटते, हेड गॅस्केट जाते.

मग मी सगळे करतात तेच केलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. टकटक कमी झाली, थरथर तशीच. मित्र म्हणाला, "बघ, पेट्रोलच खराब होतं." मी पण दोन टाक्या तसंच मानलं. पण ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे, पेट्रोल आपलं आपण पेटायला किती विरोध करतं त्याचं ते माप आहे, आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून केलेलं. म्हणजे मी दुखणं तसंच ठेवून वरून गोळी दिली होती. (जुनं मॅन्युअल वाचताना एक लक्षात ठेवा, आकडा आरओएनमध्ये आहे की अमेरिकन पद्धतीच्या एकेआयमध्ये ते बघा, एकाच पेट्रोलला एकेआयचा आकडा चार-पाचने कमी येतो. लोक उगाच घाबरतात.)

त्यानंतर प्लग काढले. इथे एक सवय मला फार उपयोगी पडली, प्लग काढले की एका पुठ्ठ्याला चार भोकं पाडून सिलिंडरच्या क्रमाने त्यात खोचून ठेवतो. उन्हात नेऊन भिंगाखाली धरले तर चारही प्लगचं पांढरं चिनीमातीचं टोक नेहमीच्या बदामी रंगाऐवजी खडूसारखं फिकट, आणि त्यावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे बारीक ठिपके. ते ठिपके पिंगिंगची खूण. फिकटपणा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त जातेय. आणि चारही सारखेच, ही गोष्ट तेव्हा मी बघितली पण तिच्यावर विचार केला नाही.

नवे प्लग टाकले, काही फरक नाही.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) घेतलं, चारही सिलिंडर १४८ ते १५५ पीएसआयच्या मध्ये. आत कार्बनचा थर साचला असेल तर जागा कमी होऊन आकडा मॅन्युअलपेक्षा वर जातो, तसं नव्हतं. एखादाच आकडा फार खाली असता तर थरथरीचं कारण मिळालं असतं, तेही नाही. थर्मोस्टॅट, पाणी, पंखा ठीक, गाडी तापत नव्हती.

मग आयडलिंगला एकेका प्लगची वायर काढून बघितली. जाड रबरी मोजा घालून, आणि काढलेल्या वायरीत जास्तीचा प्लग खोचून तो बॉडीला टेकवून, कारण करंटला वाट नाही दिली तर तो कॉइल नाहीतर तुमचा हात शोधतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिन अजिबात मंद होत नाही तो सिलिंडर आधीच झोपलेला. माझे चारही सारखेच मंद होत होते. म्हणजे कोणी एक मिसिंग मारत नव्हता, सगळ्यांनाच थोडं थोडं काहीतरी कमी पडत होतं. प्लग पण हेच सांगत होते. इथे डोक्यात उजेड पडायला हवा होता की ही हवा सगळ्यांना सामाईक अशा जागेतून शिरतेय.

पडला, पण अर्धाच. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा) लावला तर काटा १५ इंचावर लटलटत होता, समुद्रसपाटीजवळ चांगलं इंजिन १७ ते २१ वर स्थिर असतं (उंचावर दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचं). म्हणजे लीक. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे घेतला आणि मॅनिफोल्डचं (कार्बोरेटरमधून मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या पाइपांचं) गॅस्केट, कार्बोरेटरचा तळ, पाइपांची टोकं, सगळीकडे थोडा थोडा मारला, जिथे गळती असेल तिथे स्प्रे आत ओढला जाऊन आवाज बदलतो. हे करताना आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा आणि गरम एक्झॉस्टवर उडवू नका, हा स्प्रे पेटतो. अर्धा कॅन संपला, इंजिनाचा आवाज काही बदलला नाही. वैतागून बोनेट आपटलं आणि चार दिवस गाडीकडे बघितलंच नाही.

पाचव्या दिवशी लीकचा नाद सोडून टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) घ्यायचं ठरवलं. आधी डिस्ट्रीब्युटरमधल्या पॉइंटची गॅप, कारण गॅप वाढली की टायमिंग आपोआप पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, क्रम उलटा केला तर दोनदा काम. दुसरं, पुलीवरच्या खुणेवर लगेच विश्वास ठेवला नाही. काही जुन्या पुलीत मधे रबर असतं, ते सुटलं की बाहेरचं कडं सरकतं आणि टायमिंग लाईट तुम्हाला सराईतपणे खोटं सांगते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात लांब प्लास्टिकची नळी सोडून पुली हाताने फिरवली, नळी अगदी वर आली तेव्हा खूण शून्यावर होती. ढोबळ तपासणी आहे, पण दहा डिग्री सरकलं असेल तर कळतं.

मग मॅन्युअलप्रमाणे डिस्ट्रीब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (मॅनिफोल्डच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या सोयीचा) पाइप काढला आणि त्याचं तोंड बोटाने बंद केलं.

आणि इंजिन शांत झालं.

बोट काढलं, थरथर. बोट लावलं, शांत. माझ्या गाडीत हा पाइप थेट मॅनिफोल्डवर जातो, म्हणजे आयडलिंगला तो ॲडव्हान्स चालू असतो आणि पाइप काढून बंद केला की टायमिंग मागे जाऊन इंजिन उलट मंद व्हायला पाहिजे. इथे सुधारलं. डिस्ट्रीब्युटरच्या बाजूच्या त्या पत्र्याच्या डबीचा पाइप तोंडात धरून ओढून बघितलं, आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, चांगला असेल तर जीभ नळीला चिकटून राहते, माझ्या तोंडात नुसती हवा आली, रबराची आणि जुन्या ऑइलची चव घेऊन. डायफ्रॅम फाटला होता. हवा डिस्ट्रीब्युटरच्या आतून त्या फाटक्या रबरातून मॅनिफोल्डमध्ये जात होती, बाहेरून कितीही स्प्रे मारला तरी तिथे पोचणारच नव्हता.

थरथरीचं झालं. पण फाटक्या डायफ्रॅमने टायमिंग उलट मागे राहतं, मग पिंगिंग कुठून? तोच पाइप बंद ठेवून टायमिंग लाईट मारली. मॅन्युअलमध्ये ८ डिग्री, माझी गाडी १७.

म्हणजे आधी कधीतरी, माझ्याकडे यायच्या आधी, कोणाला तरी जाणवलं असणार की आयडलिंग पडतंय, पिकअप मेला. डायफ्रॅम न बघता त्याने सरळ डिस्ट्रीब्युटर फिरवून टायमिंग पुढे केलं. आयडलिंग सुधारलं, माणूस खुश. पण व्हॅक्यूमने येणारा ॲडव्हान्स आणि हाताने फिरवून दिलेला ॲडव्हान्स यात फार मोठा फरक आहे. पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो आणि व्हॅक्यूमवाला ॲडव्हान्स आपोआप निघून जातो, इंजिनाला जेव्हा तो नको असतो नेमका तेव्हाच. फिरवून दिलेला जात नाही. वर डिस्ट्रीब्युटरमधली वजनं जास्त आरपीएमला साधारण २४ डिग्री देतात, म्हणजे ३२ ऐवजी ४१. ठिणगी इतकी लवकर पडली की कडेच्या मिश्रणावर दाब आणि उष्णता वाढते, मग आता चढावर काय होणार?

नवी डबी मिळवायला वेळ लागला, बसवायला पाऊण तास, त्यातला अर्धा तास आत पडलेलं छोटं क्लिप चुंबकाने शोधण्यात. जुनी कापून बघितली, रबर बिस्किटासारखं मोडत होतं. टायमिंग ८ वर आणलं, पाइप जोडला आणि गंमत बघा, आयडलिंगला लाईटखाली आकडा १८ आला, जवळजवळ तोच ज्याच्यावर गाडी इतके दिवस चालली होती. फक्त आता त्यातले १० पाय दाबला की सोडून जातात. मिक्श्चरचा स्क्रू गेज बघत बघत फिरवला, काटा १९ वर येऊन थांबला.

आरशात नंबर वाचता येतो. परत नेहमीचं पेट्रोल भरून त्याच चढावर नेली, टॉप गिअर, पूर्ण पाय, खिडक्या उघड्या. अगदी वरच्या टप्प्यात दोन-तीन हलके टक ऐकू आले, तेव्हा घरी येऊन एक डिग्री मागे घेतलं, सात. आता पुठ्ठ्यात चार नवे प्लग खोचायची वेळ आली की रंग बघीन.