सव्वाअकराची भरती

हर्णैच्या माणसाला भरतीची वेळ सांगायला जाऊ नये, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात कळलं होतं. अण्णा, म्हणजे माझे सासरे, तिथी विचारतात, तिची पाऊणपट करतात आणि वेळ सांगून मोकळे होतात. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, सहाला भरती. पौर्णिमा म्हणजे पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. कोकणात याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या सुटल्या आहेत.

त्यामुळे आमच्याबरोबर सॅन वान बेटांवर यायला ते तयार झाले तेव्हा सामानात पहिलं काय पडलं, तर कालनिर्णय.

ही बेटं अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेला खेटून आहेत. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी १९८४ सालची तीस फुटी कॅटलिना बोट घेतली, शिडाची, पण पोटात डिझेल इंजिन असलेली. घेतली त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नव्हते. आता मला सुकाणू धरता येतं, पण ते त्याच्यासमोर फार कबूल करायचं नाही.

नऊ दिवस, पाच माणसं, दोन शेगड्या, एक कुकर. तयारीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अण्णांच्या कागदांनी. कॅनडाच्या बेटांवर पाय ठेवायचा तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा, आणि परत यायला अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. बोट स्वतःची असली तरी यातून सुटका नाही. कोणी आईवडिलांना घेऊन असा बेत करत असेल तर आधी हे बघा, बोट नंतर.

पहिल्याच दिवशी ॲनाकॉर्टिस बंदरातून निघायला दोन तास उशीर झाला (धाकट्याचा एक बूट). रोझारिओ सामुद्रधुनीत भरतीचं पाणी उत्तरेला जातं, ओहोटीचं दक्षिणेला. आम्हाला जायचं उत्तरेला, आणि पाणी फिरलेलं. इंजिन पाच नॉटने (म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी) बोट ढकलतंय, जीपीएस सांगतंय दोन. सायप्रस बेटावरचा एक सुळका तासभर आमच्या उजव्या हाताला होता. लेकीने त्याचं चित्र काढून, रंगवून पूर्ण केलं, तरी तो तिथेच. वारा? जुलैत इथे वारा म्हणजे पाहुणा. नऊ दिवसांत शिडं धड भरली ती पाच-सहा तास.

सूशिया बेटावर मात्र पोरं रमली. २०१२ साली तिथल्याच किनाऱ्यावर डायनासोरच्या मांडीच्या हाडाचा तुकडा सापडला होता, वॉशिंग्टन राज्यातला पहिला. जीवाश्म बघायचे, उचलायचे नाहीत, असा नियम आहे. धाकट्याचे खिसे मी रोज तपासले.

तिसऱ्या संध्याकाळी स्टुअर्ट बेटाच्या रीड हार्बरमध्ये शिरलो. सरकारी बोये, म्हणजे बोट बांधायचे तरंगते गोळे, सगळे भरलेले. मग खाडीच्या आतल्या टोकाकडे, जिथे तळाला मऊ चिखल आहे, तिथे नांगर टाकला. खोली साडेतीन मीटर. आमच्या बोटीचा कणा, म्हणजे तळाचं पातं, पाण्याखाली एक मीटर साठ सेंटिमीटर. नवऱ्याने रात्रीच्या ओहोटीचा आकडा बघितला: पाणी जेमतेम अर्धा मीटर उतरणार. सकाळी लवकर निघायचंच होतं, म्हणून पुढचा आकडा त्याने बघितला नाही. मीही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. सकाळी पोरांनी टर्न पॉइंटच्या दीपगृहाचा हट्ट धरला. १८९३ सालचं आहे, बेटाच्या पश्चिम टोकाला, चालत चांगलंच लांब. अण्णा गुडघ्यांमुळे बोटीवरच थांबले. “जाऊन या निवांत. सव्वाअकराला पूर्ण भरती. मी आहे इथे.”

परत आलो, रबरी होडी पाण्यात ढकलली आणि लेक म्हणाली, “आई, आपली डोलकाठी वाकडी का दिसतेय?”

बोट चिखलात बसून एका अंगावर कलली होती. कॉकपिटमध्ये, वरच्या बाजूच्या कठड्याला पाठ टेकवून, पाय समोरच्या बाकाला रोवून अण्णा बसले होते. एका हातात चहाचा कप, आणि कपातला चहा बोटीपेक्षा बराच सरळ. नांगराची साखळी चिखलात वेटोळं घालून पडलेली दिसत होती. घड्याळात सव्वाअकराला पाच मिनिटं कमी.

“हे पाणी चुकलंय,” अण्णा म्हणाले.

पाणी चुकलं नव्हतं. इथे दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात. चंद्र विषुववृत्तापासून जितका दूर, तितका त्यांच्यातला फरक वाढतो. शिवाय या बेटांच्या जाळ्यातून वाट काढत पाणी कधी पोचेल, ते तिथीला विचारून कळत नाही. उन्हाळ्यात रात्रीची ओहोटी नावापुरती आणि खरी मोठी ओहोटी दिवसाढवळ्या, पौर्णिमा-अमावास्येला नेमकी दुपारच्या आसपास. म्हणजे हर्णैला उधाणाची भरती असते त्याच वेळेला इथे तळ दिसतो.

करण्यासारखं काहीच नव्हतं. इंजिनच्या पाण्याची तोंडं बंद केली, शेगडी बंद केली, पोरांना वरच्या बाजूला बसवलं आणि शेंगदाण्याचे लाडू वाटले. शेजारच्या बोटीवरच्या आजींनी हात हलवला. साडेबाराच्या सुमाराला एक हुंदका दिल्यासारखं होऊन बोट सरळ झाली. कण्याला ओरखडाही नाही, मऊ चिखलाची कृपा. त्यानंतर रोज नांगर टाकायच्या आधी पुढच्या चोवीस तासांतल्या सगळ्यात खालच्या पाण्याचा आकडा अण्णा मोठ्याने वाचून दाखवायचे. आम्ही नाही, अण्णा.

कॅनडात शिरणं त्या मानाने सोपं. पेंडर बेटावर बेडवेल हार्बरला पिवळा झेंडा चढवला, फक्त कप्तानाने धक्क्यावर उतरून फोन करायचा, परवानगी येईपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरच. कॅनडातल्याच सिडनी गावात माझी मावसबहीण व्हँकुव्हरजवळच्या सरीहून फेरीने आम्हाला भेटायला आली, आणि तिने प्रेमाने दिली ताज्या कढीपत्त्याची मोठी पिशवी. अमेरिकेत तो नेता येत नाही. लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारा एक किडा त्याच्यावर राहतो. अर्धा त्याच रात्री आमटीत आणि चटणीत गेला. उरलेला, अमेरिकेत परत शिरताना रोश हार्बरला मीच आधी सांगून अधिकाऱ्याच्या हातात दिला. त्याने पिशवी उघडून वास घेतला आणि हळहळला, हे मी स्वतः बघितलं.

शेवटच्या रात्री अण्णांनी हर्णैला मित्राला फोन लावला. “अरे, पौर्णिमेला भरदुपारी सुकती! होय रे, डोळ्यांनी बघितली. बोटीत बसून.” पलीकडून काहीतरी मोठ्याने आलं. अण्णांनी फोन कानापासून थोडा लांब धरला आणि मला म्हणाले, “तो म्हणतो, कालनिर्णय गेल्या वर्षीचं असेल.”