स्पर्शिका वर्तुळात घुसली

“अरे, माझी स्पर्शिका वर्तुळात घुसतेय!” बाईंचा फोन आला तेव्हा शटर अजून अर्धंच वर होतं. तापकीर गल्लीजवळच्या माझ्या दुकानात लॅपटॉपच्या नाना तक्रारी येतात, पण भूमितीतली ही पहिलीच.

बाई निवृत्त शिक्षिका, दहावीच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. मशीन थिंकपॅड एक्स २३० टॅबलेट, २०१२ चं मॉडेल. साडेबारा इंची पडदा मधल्या एकाच बिजागरीवर फिरवून कीबोर्डवर उताणा टाकला की पाटी तयार. वाणसामानाचा हिशोबसुद्धा त्या त्यावरच पेनाने लिहितात. नवं घ्या म्हटलं की ऐकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते मशीन आवडतं.

दुपारी त्या स्वतः मशीन घेऊन आल्या. पेनाने लिहायच्या जुन्या वॅकॉम कंपनीच्या पडद्यांवर कडेला रेघ थोडी सरकते, हे माहीत होतं. कॅलिब्रेशन केलं, म्हणजे पेनाचं टोक आणि रेघ जुळवून घेतली, पेनाची निब बदलली. रेघ सरळ, वर्तुळ गोल. बाई घरी पोचल्या आणि तासाभरात पुन्हा फोन. वरच्या उजव्या कोपऱ्यात वर्तुळाचं वांगं झालं होतं. मी शहाणपणाने जाहीर केलं, “डिजिटायझर, म्हणजे पेन ओळखणारा पडद्यामागचा भाग गेला, अधूनमधून दगा देतोय.” खर्चाचा आकडा सांगितला आणि जुने पार्ट विकणाऱ्याला पॅनल शोधायलाही लावलं.

संध्याकाळी मोजमापासाठी सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेलो. तिथे लॅपटॉपच्या झाकणाला चक्क अंगरखा! बाईंनी स्वतः शिवलेला, फुलाफुलांचा. मशीनच्या खाचेतला पेन बारीक, त्याने बोटं दुखतात म्हणून त्यांनी जाड पेन घेतलेला. त्यासाठी अंगरख्याला कोपऱ्यात खिसा, आणि खिशाला पर्सला असतं तसं चुंबकाचं बटण.

“दुपारी हा नव्हता?”

“मळलाय रे. दुकानात काय असा घेऊन यायचा?”

या पेनात सेल नसतो. पडद्यामागच्या तारांच्या जाळ्यातून चुंबकीय लहरी निघतात, पेनातलं वेटोळं त्यांवरच जागं होऊन उत्तर देतं, आणि त्या उत्तरावरून टोक कुठे आहे ते मशीनला कळतं. त्या जाळ्याला खेटून चुंबक बसलं तर जागेचा अंदाज चुकणारच. अंगरखा काढला, रेघ सरळ. घातला, वांगं. बाईंनी तीनदा करून पाहिलं; गणिताच्या शिक्षिका, एकदा पाहून कशा मानतील?

त्यांनी ब्लेडने बटण उसवलं आणि नाडी शोधायला आत गेल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. “पॅनल मिळालं, उद्या पाठवू का?” मी उठून जिन्यात गेलो आणि हळूच नको म्हणालो.