तुम्ही विचारलंत म्हणून: साबणाचा साचा विकत का घेत नाही?

"अहो, तीन-चारशे रुपयांत सिलिकॉनचा साचा घरपोच येतो. एवढा साबण करता, मग दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत कशाला घालता?" पाहुणे विचारतात, शेजारीण विचारते, नव्याने साबण करू लागलेल्या मुली तर माझ्याच खोक्याचा फोटो मला पाठवून विचारतात. त्यामागचा सूर मला कळतो. बाई चिंगूस आहे, हा तो सूर. दरवेळी हसून वेळ मारून नेते. आता एकदा नीट सांगते.

थोडी चिंगूस मी आहेच, ते कबूल. हापूसची पेटी रिकामी झाली की टाकवत नाही. पण पेटीचा साचा ही नाइलाजाची गोष्ट आहे असं समजू नका. तिच्या फळ्या सुट्या करून आतून 30 सेंटीमीटर लांब, 7 रुंद, 7 उंच असं खोकं ठोकायचं. तिन्ही मापांचा गुणाकार करून 0.7 ने गुणलं की साधारण तेवढ्या ग्रॅम तेलाचा साबण त्यात मावतो, म्हणजे इथे एक किलोच्या किंचित वर तेल. तेल कमी असेल तर आत एक आडवी फळी सरकवून खोकं आखूड करता येतं. विकतचा साचा आखूड होत नाही. त्यात त्याच्या मापानेच तेल ओतावं लागतं. शिवाय लाकूड ऊब धरतं. ओतलेल्या साबणाची लादी जमताना आपोआप तापते; लाकडात ती मधल्यापासून कडेपर्यंत सारखी तापते आणि लवकर घट्ट होते.

खोकं कुणीही ठोकेल. खरं काम अस्तराचं आहे, आणि ते कुणी विचारत नाही. वड्या थापताना ताटाला तूप लावतो तसं नवशिकी माणसं साच्याला आतून खोबरेल लावतात. इथे ते चालत नाही. तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा, म्हणजे आपलं कॉस्टिक, त्या तेलाचाही साबण करतं आणि लादी फळीला घट्ट धरून बसते. पेट्रोलियम जेलीचा साबण होत नाही, म्हणून लावायचीच तर ती. पण नुसती जेली लाकडाला पुरत नाही. ती मी फळीला पुसटशी फासते आणि तिच्यावर अस्तर चिकटवते, म्हणजे ते ओतताना आत कोसळत नाही.

बटर पेपर चालतो, पण केक भाजायचा, सिलिकॉनचा लेप असलेला. स्टेशनरीच्या दुकानातला तर नकोच, आणि पोळ्या गुंडाळायचा पातळ कागद ओल धरतो, सुरकुततो, मग साबणाच्या अंगावर त्याचे कपटे राहतात. ते नखाने खरवडत बसायचं असेल तर वापरा.

म्हणून दुधाची पिशवी. ती पॉलिथिनची असते, कॉस्टिक तिचं काही बिघडवत नाही, आणि साबण मधोमध सत्तरेक अंशांपर्यंत तापला तरी ती टिकते. कडा कापून उलगडायची, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची. छापील बाजू फळीकडे, दुधाची बाजू साबणाकडे. लांब खोक्याला एक पिशवी पुरत नाही. दोन घेऊन एकीवर दुसरी चार बोटं चढवायची आणि साबण चमच्याची रेघ वर टिकेल इतका दाट झाल्यावरच ओतायचा, नाहीतर सांध्यातून झिरपतो. कोपरे कापायचे नाहीत, दुमडून बाहेर घ्यायचे. वर दोन्हीकडे वीतभर कड सोडायची, तिला धरून लादी उचलता येते. पिशवीला वास राहिला तर साबणालाही येतो, हेही सांगून ठेवते.

बाकीचं पटकन. टेट्रापॅकच्या आतून प्लॅस्टिक असतं म्हणून तो चालतो, पण त्याच्या थरांत अॅल्युमिनियम आहे. कापलेली कड साबणाच्या वर राहू द्या. चिप्सचा उभा गोल डबा आतून चमकतो, तो नको. जर्मनचं भांडं तर अजिबात नको. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो. स्टीलच्या डब्याला काही होत नाही, पण तो वाकत नाही, त्यामुळे अस्तराशिवाय साबण बाहेर येणार नाही. श्रीखंडाचा डबा उत्तम, तळाशी त्रिकोणात 5 आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची खूण, असेल तर. काही तास फ्रीझरमध्ये ठेवून उलटा आपटायचा.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, "हो, पण एवढी खटपट?" मग मला संगमेश्वर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या खजिनदार बाई आठवतात.

माझ्या माहेरगावच्या त्या बचत गटासाठी बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकाने शिबिर घेतलं होतं. शिबिर फुकट होतं. साचे मात्र फुकट नव्हते. गुलाब, कमळ, बदाम, मधमाशी असे सिलिकॉनचे साचे त्याच्याकडूनच घ्यायचे होते, आणि गटाच्या बचतीतला मोठा भाग त्यावर गेला. मला बोलावलं ते नंतर, ऐन आषाढात, कारण साबण साच्यातून निघत नव्हता. समाजमंदिरात सतरंजीवर सगळं मांडून ठेवलं होतं. साबणात राइस ब्रानचं तेल बरंच होतं, म्हणजे मुळातच मऊ. त्यात पावसाळी हवा. सिलिकॉनमधून ओल जात नाही, आणि एवढ्याशा खळग्यात साबण पुरेसा तापतही नाही. बायका एकेक साचा उलटा करून अंगठ्याने दाबत होत्या. पाकळ्या साच्यातच राहत आणि हातात बिनचेहऱ्याचा गोळा येई. एकजण ते गोळे गुपचूप पदराखाली घेत होती, मला दिसू नयेत म्हणून.

खजिनदार बाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हिशेब वाचला नाही, नुसती वही माझ्याकडे सरकवली. शिल्लक रकमेत खोबरेलाचा एक डबासुद्धा आला नसता. म्हणाल्या, "ताई, साचं झालं वो. आता त्यात वतायचं काय?"

कुणी रडलं नाही, कुणी प्रशिक्षकाला शिव्या घातल्या नाहीत. मला मात्र इतका संताप आला, की मी तिथेच पेटी मागवली. फळ्या काढल्या, शाळेत जाणाऱ्या एका पोराने खिळे ठोकले, दुधाच्या पिशव्या चुलीजवळ वाळवल्या. एकीच्या घरी घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल होतं. नुसत्या खोबरेलाचा साबण त्याच दिवशी कापावा लागतो, उशीर झाला तर सुरीखाली तुकडे उडतात. संध्याकाळी पिशवीच्या कडा धरून लादी उचलली तेव्हा ती गुळगुळीत, पांढरीशुभ्र निघाली. मी तिथे भाषणच केलं. साच्यावर एक पैसा घालायचा नाही, सगळा पैसा तेलात. पुढे कितीतरी वर्षं मी हेच वाक्य सगळ्यांना ऐकवत राहिले. तुमच्यापैकी काहींनी ऐकलंही असेल.

त्या भाषणाचा पुढचा भाग मी सहसा सांगत नाही. गणपतीत गटाने रस्त्याकडेला टेबल मांडलं. मुंबईहून आलेले चाकरमानी थांबत, हात पुढे करत आणि गुलाब उचलत. पाकळी तुटलेला गुलाबसुद्धा. माझ्या चौकोनी वड्या गावातल्याच बायकांनी नेल्या, तेही ओळखीपोटी कमी भावाने. खजिनदार बाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा आवाजात टोमणा नव्हता. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की गुलाब न तुटता काढायचा कसा. मी सांगितलं: राइस ब्रान कमी करा, खोबरेल वाढवा, कॉस्टिकचं माप नव्याने काढा, कॉस्टिक ज्या पाण्यात विरघळवता त्यात थोडं मीठ विरघळवा आणि काढण्याआधी साचा फ्रीझरमध्ये ठेवा.

तेव्हा त्या समाजमंदिरात उभी राहून भाषण करणारी मी बरोबर होते की नाही? तेलाला पैसे नसताना साचे घेणं चूक, यावर मी आजही ठाम आहे. 2025 मध्ये खोबरेलाचे भाव चढले तेव्हा तर आणखीच ठाम झाले. पण विकायचं असेल तर माणूस आधी डोळ्यांनी घेतो, आणि डोळ्यांना पेटीतली वडी काही सांगत नाही. मी विकत नाही, म्हणून मला तत्त्व परवडतं, असं माझी भाची म्हणते. तिला उत्तर द्यायला तोंड उघडते आणि मिटते. मग वाटतं, तिने कधी ती वही पाहिलेली नाही.

तुम्हाला साचा घ्यायचाच असेल तर घ्या, मी रागावणार नाही. फुलं घेऊ नका, लांबट घ्या, भिंती जाड बघा. पातळ निघाला तर साबण ओतल्यावर मधोमध त्याचं पोट सुटतं आणि वड्या फुगीर होतात. त्याला दोन्ही बाजूंनी फळ्यांचा आधार द्यावा लागतो. म्हणजे पेटी आलीच.