वेग वाढला की बस वाढते

मंगळवार, रात्री

कोल्हापुरात जलद बससाठी वेगळी लेन व्हावी असा आमच्या गटाचा प्रस्ताव आहे. आजचा हिशोब आधी लिहून ठेवते, कारण गेले कित्येक आठवडे जे लोकांना समजावून सांगायला धडपडतेय ते आज फळ्यावर चार ओळीत मावलं.

समजा बसचा एक मार्ग १५ किलोमीटरचा आहे आणि थांबे, सिग्नल, गर्दी सगळं धरून बसचा सरासरी वेग पडतो ताशी १५. जायला ६० मिनिटं, यायला ६०, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबायची, म्हणजे एक फेरी १४० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस पाहिजे असेल तर १४ बस लागणार. आता तोच वेग ताशी २० झाला तर फेरी होते ११० मिनिटांची आणि ११ बसमध्ये काम भागतं. तीन बस मोकळ्या झाल्या, त्या दुसऱ्या मार्गावर घाला. किंवा चौदाच्या चौदा ठेवा, मग १० ऐवजी साधारण ८ मिनिटांनी बस येईल. एक नवीन गाडी घेतली नाही, एक नवीन ड्रायव्हर भरला नाही, आणि बस वाढली.

आमच्या गटातले केएमटीतून, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेतून, रिटायर झालेले काका फळ्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, हे आधी सांगायचं की ओ, आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो गाड्या द्या गाड्या द्या." गाड्या तर पाहिजेतच काका, त्यात वाद नाही. पण आलेली गाडी दाभोळकर कॉर्नरच्या चौकात अडकून पडणार असेल तर ती अर्धीच आली म्हणायची.

म्हणून जलद बस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर जे चित्र येतं, चकचकीत एसी गाडी आणि लाल रंगवलेली लेन, त्याच्याबद्दल मला फार बोलावंसंच वाटत नाही. गाडी पळते ती पळतेच. कॉलेजची पोरं बसमध्ये बसून घड्याळ लावून नोंदी करतात त्यातनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, मोकळा रस्ता मिळाला की आपली साधी बससुद्धा चांगली जाते, वेळ खातो तो थांबा. थांब्यापुढं गाड्या लागलेल्या असतात म्हणून बस रस्त्याच्या मधेच उभी राहते, मग माणसं चिखलातनं, दुचाकींच्या मधनं वाट काढत येतात, उंच पायरीवर म्हातारी माणसं हात धरून चढवायची, उतरणारे आणि चढणारे दारात समोरासमोर, आणि सुट्ट्या पैशांचं बोलणं झाल्याशिवाय पुढचा माणूस आत सरकत नाही.

ब्राझीलच्या कुरितिबा शहरानं हे फार आधी ओळखलं. तिथं १९७४ मध्ये बससाठी वेगळी लेन सुरू झाली, जैमे लर्नर हे आर्किटेक्ट तेव्हा महापौर होते, पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते त्यांनी १९९१ मध्ये केलेलं काम, ते नळीसारखे थांबे. तिकीट थांब्यावरच काढायचं, थांब्याची जमीन आणि बसची जमीन एका पातळीला, बस आली की दारं उघडली आणि माणसं चालत आत गेली. पायरी नाही, तिकिटासाठी खोळंबा नाही.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे हुबळी-धारवाड. बेळगावच्या पुढं, हायवेनं सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचतो, पोरांना घेऊन मी मुद्दाम तिथंच गेले कारण फोटो दाखवून हे कळत नाही. साधारण २२ किलोमीटरचा बसचा वेगळा रस्ता, २०१८ च्या ऑक्टोबरात बस धावायला लागल्या, औपचारिक उद्घाटन २०२० मध्ये झालं. बसचं नाव चिगरी. स्टेशन रस्त्याच्या मध्यभागी, तिकीट आत जाताना, आणि स्टेशनजवळ एक जास्तीची लेन, त्यामुळं न थांबणारी बस थांबलेल्या बसला ओलांडून पुढं जाते. ही ओलांडायची लेन म्हणजे सगळ्यात कामाची गोष्ट! ती नसेल तर शंभर बस घेतल्या तरी त्या एकामागं एक उभ्या राहणार. पोरांपैकी एकजण तिथं स्टेशनवर उभा राहून नुसता बघत होता, मी म्हटलं चल, तर म्हणाला मॅडम अजून दोन बस बघू दे. मला फार बरं वाटलं.

बुधवार

आज रिक्षावाल्यांबरोबर बैठक. मला हीच बैठक सगळ्यात महत्त्वाची वाटत होती आणि अजून वाटते.

सुरुवातीलाच प्रश्न आला, "टोल लावणार काय?" कोल्हापुरात रस्त्याचं कुठलंही काम काढलं की हा प्रश्न येणारच, आणि तो योग्यच आहे. एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखाली हे शहर टोलच्या विरोधात रस्त्यावर उतरलं होतं आणि टोल घालवूनच थांबलं. मी सरळ सांगितलं, आमच्या प्रस्तावात टोल नाही, कुणी पुढं घालायला लागलं तर मी तुमच्या बाजूला उभी असेन.

दुसरा प्रश्न पुण्याचा. "पुण्यात काय झालं बघितलं की." घराघरातलं कोणतरी पुण्यात नोकरीला आहे, त्यामुळं सगळ्यांनी बघितलंय. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसची वेगळी लेन २००६ च्या डिसेंबरात सुरू झाली, देशातला पहिला प्रयोग, आणि नगर रोडची लेन पुढं काढूनच टाकली. दिल्लीत २००८ ला आंबेडकरनगर ते मूलचंद अशी ५.८ किलोमीटरची लेन झाली, २०१६ मध्ये ती मोडली. हे मी लपवत नाही, आपणच पहिल्यांदा सांगावं असं मला वाटतं. पण अहमदाबादमध्ये २००९ ला जनमार्ग नावाची जलद बससेवा सुरू झाली आणि ती वाढत गेली, मग फरक कशात? माझं मत असं की तुकड्या-तुकड्यात केलेली लेन चौकात आली की संपते आणि चौकातच तर सगळा वेळ जातो. शिवाय लोक रस्ता ओलांडून मधल्या थांब्यावर पोचणार कसे, याचा विचार लेनच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर नाही.

मग एक वयस्क रिक्षावाले मामा बोलले, ते आधीपासून गप्प होते. "बाई, बस जोरात पळाली तर आमचं गिऱ्हाईक जाणार. आमची पोरं काय खाणार ते पण लिवा तुमच्या कागदात."

मी त्यांना लागोसचं सांगितलं. नायजेरियातलं भलंमोठं शहर, खासगी मिनीबसवाल्यांचं राज्य, त्यांची युनियन एकदम ताकदवान. तिथं २००८ मध्ये २२ किलोमीटरचा बसमार्ग झाला तेव्हा युनियनला बाहेर ठेवलं नाही, त्यांच्याच सभासदांची सहकारी संस्था होऊन ती बस चालवायला लागली. लेनसुद्धा सगळीकडं कठडे घालून वेगळी केली नाही, जमेल तिथं केली, बाकी ठिकाणी रंगाच्या पट्ट्यावर भागवलं. सहकार म्हटल्यावर खोलीतले चेहरे जरा बदलले, आपल्या जिल्ह्याला सहकार शिकवायला लागत नाही.

मामांना मी विचारलं, हायवेवरच्या तावडे हॉटेल चौकापासून बस सरळ आली तर थांब्यापासून आतल्या गल्लीत माणसाला कोण नेणार? रुईकर कॉलनीत, शाहूपुरीच्या गल्ल्यांत, सीपीआर हॉस्पिटलला पेशंट घेऊन आलेल्या बाईला? तिथं बस जाणारच नाही. मामा म्हणाले, मग थांब्याला लागून स्टँड पाहिजे, शंभर फुटावर नको. हे मी तिथंच लिहून घेतलं. नकाशात ते आमच्याकडं नव्हतं.

शुक्रवार, उशिरा

काल लिहायला वेळच मिळाला नाही, आता थोडं मार्गाबद्दल.

पेठांमध्ये वेगळी लेन होणार नाही. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश, तिथं माणसालाच चालायला जागा नाही, लेनचा हट्ट धरणं म्हणजे शहराशी भांडण. लेन होऊ शकते ती तावडे हॉटेल ते कावळा नाका, पुढं दाभोळकर कॉर्नर, मध्यवर्ती बसस्थानक, फार तर व्हीनस कॉर्नर आणि दसरा चौकापर्यंत. म्हणून मला चीनमधल्या ग्वांगझूची पद्धत जवळची वाटते, २०१० मध्ये सुरू झाली, तिथं बस लेनमध्ये शिरते, जलद जाते, आणि पुढं लेन सोडून साध्या रस्त्यानं आपल्या भागात निघून जाते. प्रवाशाला बस बदलायला लागत नाही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं शिफ्ट सुटून निघालेल्या बाईला रंकाळ्याकडं जायचं असेल तर तिनं मधे उतरून दुसऱ्या बसची वाट बघत का उभं राहावं? स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, सासूची औषधं, सगळं तिच्या येण्यावर अडलेलं असतं. तिचा अर्धा तास वाचवणं हेच माझ्या दृष्टीनं सगळ्या कामाचं माप आहे.

पण मग गाडीला दारं दोन्ही बाजूंना पाहिजेत, मधल्या स्टेशनसाठी उजवीकडं आणि पेठेतल्या थांब्यासाठी डावीकडं. आणि बसच्या जमिनीची उंची आधी ठरली पाहिजे, शहरी बस ४०० मिलिमीटरची मिळते, ६५० ची, ९०० ची, एकदा काँक्रीटचा फलाट बांधला की चुकीच्या उंचीची बस त्याला लागत नाही. डाव्या कडेची लेन करा म्हणजे स्वस्त पडेल असं आमच्यातल्याच एकाचं म्हणणं आहे, मला ते पटत नाही, डावी कड कधी मोकळी राहत नाही, फळांचे गाडे, रिक्षा, दुकानासमोरच्या दुचाकी आणि स्टँडमधनं बाहेर पडणारी एसटी. एसटीला मात्र मी लेनमध्ये घ्यायला तयार आहे, तीसुद्धा आपलीच माणसं वाहते.

डेपोच्या जागेवरनं आज चांगलीच चर्चा झाली. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. पूर येतो तेव्हाच तर बस जास्त लागते, म्हणून ई-बसचं चार्जिंग उंचावरच पाहिजे, जागा लांब पडली तरी चालेल. यावर मी मागं हटणार नाही असं सगळ्यांना सांगून टाकलं.

उद्या पोरं कावळा नाक्याच्या चौकात पायी ओलांडणारी माणसं मोजायला उभी राहणार आहेत, सकाळची आणि संध्याकाळची दोन्ही गर्दी घ्यायचीय. आणि मामांनी सांगितलेला तो थांब्याला लागून रिक्षास्टँड, तो प्रत्येक स्टेशनच्या आराखड्यात घालून सोमवारी त्यांनाच दाखवायला न्यायचाय, जागा किती रिक्षांची ठेवायची ते त्यांनीच सांगावं.